रेकॉर्डवरचं कुंकू

बसा, बसा, माझ्यासाठी कुणी उठू नका. लेस्टरच्या असल्या थंडीत इतकी माणसं आलात, आमच्या सिंधूला आधार वाटला. मला माइकवर बोलायची सवय नाही. शाळा माझी चौथीत सुटली. त्यात आज हातात ही रेकॉर्ड.

ही आपल्या डॅनी भाऊजींची. सिंधूचा नवरा तुम्हाला ठाऊक, मंडळाच्या गणपतीत वडे तळणारा अमेरिकन. पण तरुणपणी तिकडे अमेरिकेत चार पोरांचा त्यांचा बँड होता. रडकी ब्लूज गाणी, पण त्यात वीज सोडलेली. गिटार अशी भोवंडते, जत्रेतल्या पाळण्यात बसल्यासारखं वाटतं. एकच रेकॉर्ड निघाली नि बँड मोडला. घरात एवढीच प्रत.

पहिल्यांदा भिंतीपलीकडून ऐकली, तेव्हा मी देवापुढे दिवा लावून बसले. म्हटलं, शेजारी कुणाच्या अंगात आलं? सकाळी सिंधूला विचारलं, तर ती हसून हसून खाली बसली. "अगं, तो आमचा डॅनी आहे, एकोणीस वर्षांचा!"

मग खंडेनवमी आली. माझी नात त्यांच्याकडे गिटार शिकायची. काय वाजवते हो पोरगी! असो, तर हत्यारांची पूजा करायची म्हणून मी गेले. गिटारला कुंकू लावलं, नि त्याच ओल्या बोटानं रेकॉर्डलाही. सिंधू ओरडली, "अगं बाई, थांब!" मी बोट मागे ओढलं. भाऊजींनी रेकॉर्ड उजेडात धरली. "वहिनी, मधल्या कागदावर लागलं. गाणं वाचलं. आता हिचं लग्न झालं, कुठं जायची नाही."

तेव्हा धीर करून विचारलं, "भाऊजी, एवढं भयंकर का वाजवलंत?"

ते हसले नाहीत. "आमच्या ड्रमवाल्याला लढाईचं बोलावणं आलेलं. आम्ही चौघं घाबरलो होतो, वहिनी. म्हणून मोठ्यानं वाजवलं."

तो पोरगा परत आला नाही. शेवटचं गाणं संपलं, तरी भाऊजी सुई लगेच उचलायचे नाहीत. ती नुसती खरखरत फिरायची. म्हणायचे, "तो अजून तिथंच बसलाय. जरा बसू दे."

भाऊजींच्या सुतकात गाणं लावू नये, मलाही ठाऊक आहे. गावाकडून फोनवर तेच सांगताहेत. पण सिंधू म्हणते, त्याचा आवाज ऐकल्याशिवाय तेरा दिवस कसे काढू? तिचा हात थरथरतो, म्हणून सुई मी ठेवणार. माझा कुठं स्थिर आहे? ओरखडा पडला तर? भाऊजी दुसऱ्यांदा जातील हो! नात मघाशी तिच्या मोडक्या मराठीत म्हणाली, "आजी, तू घाबरला का?" हो गं बाळा, घाबरले. भाऊजीही घाबरले होते. तरी वाजवलंच ना?

शेवटचं गाणं लावते. ते कुंकू फिरताना दिसेल. गाणं संपल्यावर टाळ्या नकोत, सुई उचलायला कुणी धावू नका. सगळे गप्प उभे राहू. खरखर चालू दे. तिथं आता दोघं बसलेत.

जरा बसू दे.