बंड्याचं दार

नाही नाही, अविनाश, आधी वायर सोडवा, मग कडी — यांनी तसंच बसवलंय. ऑफिसात यांच्या हाताखाली चार वर्षं काढलीत आणि मी तुम्हाला शिकवायचं, कमाल आहे! न्या, मागच्या जाळीच्या दाराची ही कडी खुशाल न्या. तुमच्या कुत्र्याला होईल. आमचा बंड्या काय, गेला नचिकेतकडे गुडगावला — मुलानं नेलं, मीच म्हटलं ने. सोपं आहे हो — गळ्यातल्या पट्ट्यात लोहचुंबक, चौकटीत खाली सेन्सरची पट्टी. पट्टा जवळ आला की कडी खट्‌कन मागे. कॉलनीतली बाकीची कुत्री बसायची बाहेर भुंकत! तेव्हा मयूर विहार नवीन, चोऱ्या फार — लोक कुलपं आणायचे, हे सोल्डरिंग घेऊन बसायचे. हाताने उघडायची सोयच ठेवली नाही. मला मागे कपडे वाळत घालायचे तर आधी बंड्याला हाका! बिल्कुल वेडा माणूस.

मग यांचं विसरणं सुरू झालं. रिटायर होऊन तीन वर्षं झालेली आणि रोज सकाळी डबा मागायचे — ऑफिसची चार्टर्ड बस चुकेल म्हणायचे. दिला तर दुपारी पुन्हा. नाही दिला तर घर डोक्यावर. पुढच्या दाराला मी कुलूप घातलं, किल्ली कमरेला. आणि मागचं? मागचं बंड्याचं, त्याची काय काळजी?

त्या दिवशी जेवून आडवी झाले. मे महिना, बाहेर लूचा भाजणारा वारा. तीन रात्री डोळ्याला डोळा नव्हता. आणि खट्‌ झालं. पोलिसांना तेच सांगितलं, नचिकेतला तेच — मला वाटलं, बंड्या गेला अंगणात. सगळे म्हणाले, कुणालाही तसंच वाटेल. तिसऱ्या दिवशी देहच सापडला, यमुनेच्या पुश्त्यापलीकडे, त्या बांधाखाली, पट्टा मुठीत. हो, हाच. धुतलाय मी. मुलाचं नाव विसरले होते, पण पट्टा काढायचा आणि चौकटीशी धरायचा, हे बरोब्बर ठाऊक! नचिकेत म्हणतो, आई, तू डोळ्यांत तेल घालून सांभाळलंस. सांभाळलंच ना. दीड वर्षं.

बंड्या कसला जातोय अंगणात? माझ्या पायाशी घोरत होता तो. त्याचं पोट तळव्याला लागत होतं, ऊन ऊन. खट्‌ झालं, जाळी करकरली, आणि मी म्हटलं — जाऊ दे. दहा मिनिटं. दहा मिनिटं तरी कुणी डबा मागणार नाही. मग झोप लागली हो — इतकी गाढ, दिवेलागणीपर्यंत. किती बरं वाटलं होतं उठल्यावर...

तुम्ही का थांबलात? काढा ना स्क्रू. असं बघू नका, मला रडूबिडू येत नाही. येतच नाही.

राहू दे, तेवढी सेन्सरची पट्टी राहू दे चौकटीला. निघा आता. चहा? नाही, चहा नाही करत मी. निघा तुम्ही.