कार्पोच्या हातचं पिस्तूल

फ्लोरिन्डा : रिकामं आहे, बाबा. तुमच्यासमोरच उघडून दाखवलं ना?

कार्पो : रिकामं असो नाहीतर भरलेलं. पोलिसाचं पिस्तूल माझ्या जेवायच्या टेबलावर नको.

फ्लोरिन्डा : पोलीस खात्याचं नाहीये, माझं स्वतःचं आहे. हे बघा परवान्याचे कागद.

कार्पो : तू पोलीसच आहेस की.

नेमेसिया : आणि तुझी पोरगीसुद्धा. ते विसरलास वाटतं? मासळी खा आधी, गार होतेय.

फ्लोरिन्डा : आई, मला आपल्या सेबू बेटाच्या संघात घेतलंय. पोलिसांच्या नेमबाजीसाठी. सबंध बेटावरून चार बायका घेतल्या, त्यांत मी. पुढच्या महिन्यात सामने आहेत, शेजारच्या बेटांचेही संघ येणार.

नेमेसिया : ऐकलंस, कार्पो?

कार्पो : ऐकलं. चाप जड आहे याचा.

फ्लोरिन्डा : हात न लावता कळलं?

कार्पो : मघाशी तू ओढलास तेव्हा मनगट हललं तुझं. आण इकडे. हं... कुणी जुळवलंय हे? दाराची कडी वाजावी तसं वाजतंय. नळीच्या टोकाची माशी जाड, नेम धरताना अर्धं निशाण तिच्यामागे लपत असेल. आणि ही मूठ कुणा धटिंगणाच्या पंजाची आहे, तुझ्या हाताची नव्हे.

फ्लोरिन्डा : म्हणून तर आणलं. काय काय बदलाल?

कार्पो : चाप. त्याची स्प्रिंग. नळी घट्ट बसणारी हवी. माशी बारीक. मूठ मी रेड्याच्या शिंगाची करीन. आणि हा रंग आहे का तव्याची काजळी?

फ्लोरिन्डा : मग आजच घ्या हातात.

कार्पो : इथे? घरात? कानससुद्धा लावणार नाही. कारखान्यात होईल, परवान्याखाली, रजिस्टरात नोंदवून.

नेमेसिया : बघ गं बाई! वीस वर्षं माझ्या चुलीमागे बसून बंदुका घासल्या, आणि आता मला कायदा शिकवतोय.

*

कार्पो : तिसऱ्यांदा आलीस कारखान्यात. सगळे हसतात मला. घे, झालं एकदाचं.

फ्लोरिन्डा : अगं बाई... बाबा!

कार्पो : उजेडात धर.

फ्लोरिन्डा : वरचा भाग काळा... नाही, निळा आहे. निळाच ना?

कार्पो : पहाटे होड्या निघतात तेव्हाचं पाणी आठव. चारदा चढवला तो रंग, तीनदा खरवडून काढला. खालची चंदेरी झिलई मुद्दाम मंद ठेवलीय. चकाकली असती तर उन्हात तुझेच डोळे दिपले असते.

फ्लोरिन्डा : आणि चाप! सुटला कधी तेच कळलं नाही.

कार्पो : कळायला नकोच.

फ्लोरिन्डा : नाव कुठाय?

कार्पो : कुणाचं?

फ्लोरिन्डा : तुमचं.

कार्पो : माझं कशाला? डोंगरातल्या घरी चोरून बनवायचो तेव्हा आम्ही परदेशी कंपनीचं नाव ठोकायचो. मला ते धड वाचताही यायचं नाही. एकदा एक अक्षर उलटं बसलं, सहा पिस्तुलांवर. तीही खपली.

फ्लोरिन्डा : म्हणजे आजवर एकाही पिस्तुलावर तुमचं नाव नाही?

कार्पो : माझं नाव आहे ते ठाण्यातल्या जुन्या कागदांत. सात महिने आत होतो, तू तिसरीत होतीस. उद्या तुझे साहेब हे हातात घेतील, नाव वाचतील आणि मग तुझं...

फ्लोरिन्डा : साहेबांना ठाऊक आहे. भरतीच्या मुलाखतीत विचारलं त्यांनी, वडील काय करतात म्हणून. मी म्हटलं, बंदुका बनवतात. आधी चोरून बनवायचे, आता राजरोस बनवतात. हात तोच.

कार्पो : असं म्हणालीस? तोंडावर?

फ्लोरिन्डा : ताठ उभी राहून. तरी घेतलंच ना मला?

कार्पो : दे इकडे.

फ्लोरिन्डा : ठळक अक्षरांत हं!

कार्पो : गप बस. हात हलेल माझा.

*

(सेबूचं नेमबाजीचं मैदान. सामने नुकतेच संपले आहेत.)

फ्लोरिन्डा : आई, तू एकटीच आलीस?

नेमेसिया : छे! काल म्हणत होता, दोनशे पोलिसांत जाऊन मी काय करू? आज मी बसमध्ये चढले तर हा आधीच खिडकीशी बसलेला, इस्त्रीचा शर्ट घालून. तो बघ, मांडवाखाली खुर्चीवर.

फ्लोरिन्डा : बाबा! दुसरी आले मी!

कार्पो : पाहिलं. शेवटची गोळी घाईत सोडलीस.

फ्लोरिन्डा : हो, चुकलंच माझं. पण पिस्तूल एकदाही अडलं नाही.

कार्पो : ते अडणार नव्हतंच.

फ्लोरिन्डा : मघाशी या मांडवात गर्दी दिसली, ती तुमच्याभोवती होती? कशासाठी?

कार्पो : ती पहिली आलेली, शेजारच्या बोहोल बेटाची पोरगी. तुझ्या पिस्तुलावरचं नाव वाचून मला शोधत आली. मग तिचे साहेब आले, मग आणखी तिघे, सगळे गणवेशात. एकाने हात पुढे केला. आणि मी... जुनी सवय गं. मी दोन्ही मनगटं पुढे केली.

फ्लोरिन्डा : बाबा...

कार्पो : हात मिळवायला केला होता त्याने. माझे दोन्ही हात धरून ठेवले जरा वेळ. मग ही खुर्ची आणून दिली.

नेमेसिया : चला आता. आपल्या गावाची, दानाओची बस सुटेल.

कार्पो : सुटू दे. पुढची घेऊ. मला बसू दे इथे जरा.