वर येईपर्यंत

वारज्याच्या थांब्यावर दोघी कात्रजच्या बसची वाट बघत होत्या. एकीने मोबाइलवर व्हिडिओ लावून पुढे केला.

"हा आमचा धाकटा, उत्तरेश्वर. परदेशात, एका खेड्यातल्या नदीत बाप्तिस्मा घेतोय. काठावर चर्चची सगळी मंडळी गातायत, ऐका."

"पाणी किती हिरवंगार! त्यात बुडवतात?"

"अलगद आडवं करतात. बाळाला झोपवल्यासारखं."

"तुम्हाला राग नाही आला?"

"आला ना. महिनाभर त्याचा फोनच घेतला नाही."

"मग?"

"अहो, ह्याचे वडील कालव्यात बुडून गेले. तेव्हापासून हा अंघोळीला डोक्यावर तांब्यासुद्धा ओतू द्यायचा नाही."

"आणि आता नदीत?"

"बघा ना. पांढरा सदरा कसा फुगलाय, ढगासारखा. हा गेला खाली."

"अहो, आपली बस आली."

"जाऊ दे. त्याला आधी वर येऊ दे."