झोपेत केलेलं लिश्टनस्टाइन

सिंगापूरच्या चांगी बिझनेस पार्कातल्या आमच्या ऑफिसात नवा बॉस आला, तो लिश्टनस्टाइनचा. अप्रेझल तोंडावर होतं, त्यामुळे पहिल्याच भेटीत मी बोलून बसलो, "तुमच्या देशात मी येऊन गेलोय!" आता खरं सांगायचं तर आमच्या युरोप टूरची बस तिथे अर्धा तास थांबली होती, आणि तेवढा वेळ मी बसमध्ये गाढ झोपलो होतो.

बॉस इतका खूश झाला, की शनिवारी त्याने आम्हा नवराबायकोला हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे इथल्या खाऊगल्लीत, जेवायलाच बोलावलं. मी एमआरटी मेट्रोत बसून अख्खा देश पाठ केला आणि टेबलावर धडाधड सुरू झालो.

"तुमच्याकडे राजाच्या जागी प्रिन्स. सैन्य नाही, विमानतळ नाही. पण बँका केवढ्या! आणि कवळ्यांचे दात तर जगभर तुमच्याकडून जातात."

"वा! पण तुला स्वतःला काय आवडलं?"

"शांतता," मी म्हणालो.

"अहो, हा झोपला होता," माझी बायको मंजिरी म्हणाली. "ऑस्ट्रियात डोळे मिटले, ते झुरिचला उघडले. पासपोर्टवर तुमच्या देशाचा शिक्कासुद्धा मीच उतरून मारून आणला."

माझ्या नूडल्स चॉपस्टिकवरच लटकत राहिल्या. गेलं अप्रेझल!

बॉसने गंभीरपणे विचारलं, "म्हणजे पुढे स्वित्झर्लंडमध्येही झोपलेलाच?"

"हो ना. घोरत होता."

बॉसने सुटकेचा निःश्वास टाकला.

"मग हरकत नाही. मला वाटलं, फक्त आमचाच कंटाळा आला!"