डावीकडून सातवी पट्टी

मी, पट्टीताई (कार्यक्रमांच्या मंडळींत याच नावाने ओळख), वय ५४ वर्षे, धंदा कार्यक्रमांत कीबोर्ड वाजवणे, राहणार बाजारामागची तीनमजली इमारत, दुसरा मजला, लिफ्ट नाही. पोलीस ठाण्यात स्वतः हजर होऊन, विचारल्यावरून जबाब देते की,

वरील पत्त्यावर मी पतीसह राहते. लिफ्ट नाही हे हवालदारांनी गाळलं होतं, ते मी लिहायला लावलं, कारण त्याचा संबंध पुढे येतो. माझी धाकटी नणंद गाते आणि मी तिच्यामागे वाजवते. वीस वर्षं असंच चालू आहे. कार्यक्रमाला कोणाला घ्यायचं, कोणाला नाही, हे नणंद ठरवते.

इतकी वर्षं मी गिटारवाल्याच्या जुन्या अ‍ॅम्प्लिफायरमधून वाजवत होते. तो डबा मधले सूर तेवढे नीट काढतो. कीबोर्डवर डावा हात ढोलाइतका खाली जातो आणि उजवा बासरीच्याही वर, त्यामुळे माझं वाजवणं गोधडीखालून आल्यासारखं यायचं. म्हणून गेल्या महिन्यात मी स्वतःचा स्पीकर घ्यायचं ठरवलं. अ‍ॅम्प्लिफायर आतच असलेला, म्हणजे उचलायला एकच डाग.

दुकानात मी माझाच कीबोर्ड घेऊन गेले, कारण दुकानातल्या कीबोर्डवर सगळंच गोड लागतं. चार स्पीकर ऐकले. दुकानदार म्हणाला, "ताई, मोठाच घ्या, कधी कमी पडणार नाही." मी म्हटलं, "दोन जिने चढवायला तुम्ही येणार का?" सगळ्यात लहान होता त्यात डावा हात बुडाला. तिसरा, आवाज वाढवला की चिरकायचा. चौथा दहा इंची, वजन साडेतेरा किलो. तो एका हाताने उचलला गेला आणि त्यात माझे दोन्ही हात ऐकू आले. तोच घेतला.

दुसऱ्याच कार्यक्रमात, डावीकडून सातवी पांढरी पट्टी जोरात दाबली की करकर ऐकू येऊ लागली. इतर कुठल्याच पट्टीला नाही. नणंद पुढे उभी असते, तिला ती ऐकू आली नाही. दुकानदाराने मोबाइलवरचं गाणं लावलं आणि "एकदम ठणठणीत" म्हणून परत पाठवलं. त्या गाण्यात तो सूरच नव्हता, हे काही त्याच्या गळी उतरेना. नणंद म्हणाली, "वाजवता येईना, स्पीकर वाकडा. वहिनी, कान दाखवून घ्या." तेव्हापासून मी ती पट्टी टाळून वाजवू लागले. मग नणंद म्हणाली, येत्या रविवारी दुसरा वाजवणारा बघते.

विचारल्यावरून सांगते की, माझ्या आईला साठीच्या आत ऐकू येईनासं झालं. सुरुवात अशीच, दुसऱ्या कोणाला न ऐकू येणाऱ्या आवाजांनी झाली होती. मी कानाच्या डॉक्टरांकडे गेले नाही. घरीही कोणाला बोलले नाही.

मंगळवारी दुपारी एकच्या सुमारास सभागृहाच्या मागच्या दाराशी स्पीकर ठेवून मी कीबोर्ड आणायला आत गेले. परत येईपर्यंत स्पीकर गायब. तशी तक्रार त्याच दिवशी दिली आहे. खरं सांगायचं तर क्षणभर बरं वाटलं, की पीडा टळली. मग रडू आलं.

आज सकाळी फोन आल्यावरून नणंदेला घेऊन इथे आले. भंगारवाल्याच्या शेडमध्ये सापडलेले एकाच बनावटीचे तीन काळे स्पीकर मला दाखवले. तिन्हींवरचे नंबर खरवडलेले आहेत. ओळखीची खूण काय, असं हवालदारांनी विचारलं. मी म्हटलं, "सातव्या पट्टीला करकरतो." नणंद म्हणाली, "साहेब, हे मनावर घेऊ नका. वहिनींना भास होतात."

हवालदार म्हणाले, "भास की खरं ते बघू. कीबोर्ड मागवा." पतीने तो आणून दिला. मला भिंतीकडे तोंड करून उभं केलं. हवालदार वायर बदलत होते आणि नणंद पट्टी दाबत होती. कोणता स्पीकर लावलाय हे मला कळत नव्हतं. पहिला स्वच्छ, दुसरा स्वच्छ, तिसऱ्याला मी हात वर केला. क्रम बदलून पुन्हा केलं, तेव्हा पहिल्यालाच हात वर केला. दोन्ही वेळा तोच स्पीकर निघाला. हवालदार म्हणाले, "ताई, मलापण ऐकू येतंय. चांगलं करकरतंय की." कोठडीतल्या एका इसमाने, कोणी न विचारता, त्यालाही ऐकू आल्याचं सांगितलं. त्याचे आभार लिहून घ्यावेत अशी मी विनंती केली, पण जबाबात तशी सोय नाही असं समजलं.

नणंदेने ती पट्टी आणखी तीनदा दाबून पाहिली. मग मला खुर्ची आणून दिली आणि स्वतः उभी राहिली. जबाब सुरू व्हायला उशीर झाला तो मी रडत होते म्हणून. दुःखाने नाही. डोक्यावरचं ओझं उतरलं म्हणून.

स्पीकरच्या मुठीचा एक स्क्रू सैल आहे, करकर त्याचीच. मुद्देमाल असल्याने तो इथे आवळता येणार नाही असं सांगण्यात आलं. माझी हरकत नाही. स्पीकर रविवारच्या आत ताब्यात मिळावा, एवढीच विनंती. नणंद म्हणते, "रविवारी तुम्हीच वाजवायचं. आणि ती पट्टी गाळायची नाही, मला सूर मिळत नाही. मला वाटलं, तुमचे हात थकले."

हा जबाब हवालदारांनी मला वाचून दाखवला. मी खुर्ची दाराजवळ नेऊन, त्यांच्याकडे पाठ करून बसले होते. बाहेर ट्रक चालू होता. शब्दन् शब्द ऐकू आला. बरोबर आहे.