एका बोटाचा खांदा

सरळ उभी राहा आधी. आरशात नको बघूस, माझ्याकडे बघ — आरसा दिसला की तू पोट आत घेतेस नि मान ताणतेस, लहानपणापासूनची खोड आहे तुझी. हं. हात खाली सोड. बाही बघ, अर्धं बोट आखूड करायला सांगितलीस, अर्धं बोटच केली. त्यात काय मोठं, घरात सुईदोरा असलेला कुणीही करेल ते. तेरा वर्षं तुझे कपडे शिवतेय मी, आणि तू परदेशातून दुसऱ्याने शिवलेला कोट आणतेस नि माझ्याच टेबलावर टाकून म्हणतेस, मावशी, एवढी बाही तेवढी बघ ना, शुक्रवारी सकाळचं विमान आहे. नाही, रागावले नाही. मी कशाला रागावू? गिऱ्हाईक आहेस, कुठेही शिवून घे.

पण मला एक सांग, कंपनीच्या कामाला जातेस ना तू तिथे? महिन्यातून दोन खेपा, मीटिंगा, हॉटेल, परत घर — तुझी आई तर म्हणते पोरीला श्वास घ्यायला वेळ नसतो. मग शिंपी कसा सापडतो? सापडला म्हणे! सापडायला तो काय रस्त्यात पडला होता? शोधलास तू. हॉटेलातल्या बाईला विचारलंस, ऑफिसातल्या दोघांना विचारलंस, पुलापलीकडे चालत गेलीस — सोमवारी तूच सांगितलंस, या स्टुलावर बसून, पाय हलवत. नवा शिंपी शोधायला माणूस कधी निघतं माहितीये? जुना नकोसा झाला की. काही बोलू नकोस, हलतेस तू बोलताना.

आणि काय ते कौतुक! जिन्याखाली एवढंसं दुकान, म्हातारा, चष्मा कपाळावर. बावीस मापं घेतली म्हणे. बावीस! मोजत बसलीस तू? खुर्चीत बसवून माप, हात वर करून माप, खांद्याला ती कॉम्प्युटरची बॅग अडकवून माप. मी नाही घेत. मला तुझं माप तोंडपाठ आहे, वही सुद्धा उघडावी लागत नाही, तू दारातून आत आलीस की माझी कात्री चालायला लागते — याचा मला केवढा अभिमान आणि तू बावीस मापांचं सांगतेस. बरं, माप झालं, निघावं ना माणसाने? नाही. म्हाताऱ्याने दुकानाला कुलूप लावलं नि तुला मागच्या गल्लीत जेवायला नेलं. पाटी नाही, चार बाकं, एक बाई चुलीपाशी. भात, मासळी, कसलासा आंबट पाला. आणि तू दोनदा भात मागून घेतलास. तू! अर्ध्या भाकरीवर उठणारी तू. आता दर खेपेला विमानातून उतरलीस की आधी तिथेच जेवतेस, तो बाजूला बसतो, बोलता येत नाही एकमेकांशी तरी हसता म्हणे दोघं. हसा बाई. माझ्या दुकानात तुला तेरा वर्षांत कधी घोटभर चहा मिळाला? नाही मिळाला. ‘दुकानात खाणेपिणे मना’ ही पाटी मीच लावलीय. कापडावर डाग पडतात. — तो? तो माझा डबा आहे. चार पुडाचा असेना. मला भूक लागते हल्ली.

बाकी सगळं मी सोडून दिलं असतं गं. जेवण सोडलं असतं, बावीस मापं सोडली असती. पण तू सोमवारी उठता उठता काय बोललीस? म्हणालीस, मावशी, त्याने पहिल्याच दिवशी ओळखलं की माझा डावा खांदा खाली आहे, तुला इतक्या वर्षांत कधी दिसलंच नाही का गं? हसत बोललीस. वर पुन्हा म्हणालीस, तुझा काय दोष, वय झालं. वय झालं! मला जेवण गेलं नाही त्या दिवशी.

दिसलं नाही म्हणे. अगं, आठ वर्षांची होतीस, फाटकावरून पडलीस, गळ्याचं हाड मोडलं, तुला पहिल्यांदा उचललं कोणी? मीच ना? हाड जुळलं, खांदा एक बोट खाली राहिला. पहिल्या मुलाखतीचा कोट शिवायला आलीस तेव्हा एकोणीस वर्षांची होतीस, आरशासमोर इतकी खूश होतीस की मी म्हटलं, हिला कशाला सांगायचं? डाव्या खांद्यात एक पॅड जास्तीचं घातलं. बोटभर जाड, अस्तराच्या आत, तुला हाताला लागू नये असं कडेला विरळ करत नेलेलं. तेव्हापासून प्रत्येक कोटात, प्रत्येक जाकिटात. तुझ्या आईला सुद्धा माहीत नाही. तू चार लोकांत उभी राहतेस, तुला वाटतं तू सरळ आहेस — ते सरळपण माझं आहे! — हे सांगायचं नव्हतं मला. मरेपर्यंत सांगणार नव्हते. त्या म्हाताऱ्याने काय केलं, तर बोट दाखवलं. बोट दाखवायला काय लागतं?

जळतेय मी, हो. जळतेय, त्यात काय लपवायचं? म्हणूनच — नको बघूस म्हटलं ना आरशात! — बघितलंस? दिसलं? हो, डावा खांदा वर आलाय. एका बाजूला उशी ठेवल्यासारखा. ऐक. बाही तर सोमवारीच झाली होती, अर्ध्या तासाचं काम. पण मला राहवेना. म्हटलं, बघू तरी महाराजांनी आत काय केलंय. खांदा उसवला. वाटलं होतं पॅड असेल, माझ्यापेक्षा जाड, ओबडधोबड, मग तुलाच दाखवलं असतं. पॅड नाहीच! त्याने दोन्ही खांदे वेगवेगळे कापलेत, उजव्याचा उतार वेगळा, डाव्याचा वेगळा, कापडच तुझ्या अंगासारखं. आणि टाके... जाऊ दे. चांगले आहेत टाके. तासभर नुसती बघत बसले होते. मग परत शिवायला घेतला, आणि हात आपले चालतात गं, तेरा वर्षांची सवय — डावा खांदा हातात आला की पॅड जातं. गेलं. शिवून, इस्त्री करून हँगरला लावल्यावर कळलं मला. म्हटलं, तुला नाही कळणार.

हलू नकोस, टेप लावते. घेते माप, त्यात काय, मलाही येतं. उजवा... डावा... थांब, परत. वही दे ती. वहीत एक बोट आहे. आता दीड भरतंय. ती बॅग, दुसरं काय, रोज त्याच खांद्याला. मग मागच्या वर्षी मी शिवलेले दोन कोट? ते तर एका बोटाचेच आहेत. काखेत ओढले असतील. — ओढत होते? किती वेळा घातलेस? एकदा? दोन्ही एकेकदाच? आणि मला येऊन सांगायचं नाही? ...मला वाईट वाटेल म्हणून. वर्षभर.

काढ तो कोट. दे इकडे. नाही, मी ठीक आहे, खडूची भुकटी गेली डोळ्यात. पाच वाजता ये, पॅड काढून ठेवते, जसा होता तसा करून देते. मी उसवला होता हे त्याला सांगू नकोस. हात लावला की कळेलच म्हणा त्याला. आणि ऐक, बाही बसवताना तो काखेतून सुरुवात करतो की खांद्यावरून, तेवढं बघून ये. सहज बघ, मी विचारलं म्हणून नको. — नको, राहू दे. काही बघू नकोस. जेवायला जाशीलच त्याच्याबरोबर, जेव पोटभर. निघ आता, माझी गिऱ्हाइकं खोळंबलीत बाहेर. कोणी नाहीये? येतील. तू जा.