इझिकेल थॉर्नच्या दगडाखाली

हॅलो? … कोण, रोवेना? अगं मोठ्यानं बोल, वारा केवढा येतोय तुझ्याकडून. … काय म्हणतेस! मंजूर झाला अर्ज? … सातही पिढ्या मान्य? वा, वा. म्हणजे तू स्वातंत्र्ययुद्धात भाग घेतलेल्यांच्या वंशज मंडळाची सभासद झालीस. … अगं आनंदच झालाय. मामाचा आवाजच असा आहे.

नाही, पण मी तुला आजीकडचा पूर्वज काढून दिला होता ना? सैन्याला धान्य पुरवणारा? कागद कसे स्वच्छ होते त्याचे … मान्य. तो गोणीवाला, आणि इझिकेल थॉर्न बंदूक घेऊन इंग्रजांशी लढलेला. … पण त्याच्या दफनाचा पुरावा कुठून आणलास? गावाची नोंदवही तर … राज्याच्या दफ्तरखान्यात दुसरी प्रत होती? … चाळीस वर्षं इथे ग्रंथपाल होतो, आणि मला माहीत नव्हतं. … अगं, मी कशाला लपवीन? गहाळ झाली असेल आपली.

बरं, आता आहेस कुठे? … दफनभूमीत? … हो, मंडळ पितळी फलक लावतं कबरीवर, माहीत आहे. शनिवारी समारंभ, झेंडे, केक … पण फलक म्हणजे दोन खिळ्यांचं काम ना? … दगड कललाय तर कलू दे! दोनशे वर्षांचा आहे. मीही कललोय. … गवंडी खणतायत? … रोवेना, ऐक ना. थांबव त्यांना. … किती खोल? … थांबव म्हणतो ना! … नाही ओरडलो. … बरं, ओरडलो. चुकलं.

हाड? … अगं कबर आहे, हाड निघणारच. माती लोटा आणि … दोनच फुटांवर? … थंडीत जमीन गोठली की हाडं वर येतात. वाचलंय मी कुठेतरी. … कुठे ते नाही आठवत.

आणखी काय सापडलं? … मनगटी घड्याळ.

… कुणाचं तरी पडलं असेल, गवत कापताना … हाडालाच अडकलंय? … पुसू नकोस ते. रोवेना, मागची बाजू पुसू नकोस …

वाचलंस कोरलेलं नाव.

… हो. क्लाइड म्हणजे तुझेच बाबा. … हो, कॅनडाला लाकडाच्या कामाला गेले असं सांगितलं होतं. मीच सांगितलं. चार वर्षांची होतीस तू, रोज फाटकात जाऊन बसायचीस … रडू नकोस गं. … गवंड्यानं पोलिसांना फोन केला? किती वेळ झाला?

बरं. आई कुठे आहे तुझी? … गाडीत? तिला कशाला नेलंस! … इकडेच बघतेय? दे, फोन दे तिला. … आधी दे, मग विचार काय विचारायचं ते.

एडिथ? … हो, कळलं. ऐक, तू काही बोलायचं नाही. अठ्ठ्याऐंशी झालीत तुला, तुला काही आठवत नाही. खड्डा मी खणला, आणि बाकीचंही मीच … मला माहीत आहे कुणी केलं! पण त्या दिवशी त्यानं मारून सुजवलेलं तुझं तोंड मी पाहिलं होतं. तुझा मोडलेला हात … म्हणून म्हणतो, मला काय करणार ते, नव्वदीच्या म्हाताऱ्याला … हसतेस कशाला? … एडिथ, नको. पोरीसमोर नको. … पोलीस आले? दार उघडू नकोस गाडीचं. … फोन कानाला लाव, एडिथ. … ऐकू येतंय मला, तू काय सांगतेयस त्यांना … अगं सावकाश … रोवेना तिथेच उभी आहे गं … एडिथ? … हॅलो? …